निम्म्या भावातली घरटी

फार पूर्वी सुगरण पक्षी बाभळीवर घरटी विणून विकत असत. एकदा गोदा नावाची पोटुशी पक्षीण मूठभर दाणे घेऊन तिथे आली. एका घरट्याची काडी न् काडी ओढून पाहत तिने नाक मुरडलं.

"फार महाग लावता हो! समुद्रापलीकडे निम्म्यात मिळतं. तीन घेतली तर पोचवणं फुकट!"

मग तिने सगळे दाणे परदेशी करकोच्याला दिले आणि न बघताच तीन घरटी मागवली. ती आली, तर एकातही तिचं डोकं शिरेना.

"परत घेऊन जा!" गोदा ओरडली.

"नेतो की," करकोचा म्हणाला, "पण नेण्याचे दाणे वेगळे."

अखेर गोदाने खाली गवतातच अंडी घातली आणि फांदीवर टांगलेली घरटी ती शेजारणींना दाखवू लागली, "निम्म्या भावात मिळाली, बरं का!"

गवतात बसलेलं मुंगूस कौतुकाने ऐकत होतं.