राहिलेली आखणी

“आणि ह्यांचे डोळे कुठे गेले?” तात्यांनी विचारलं.

तात्यांच्या गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवायच्या त्या पडवीत, शहरातून आलेल्या विश्रामने आपली चित्रं पसरली होती. उलटा टांगलेला समुद्र. पाय फुटून चालू लागलेली घरं. माडाएवढी माणसं, आणि एकालाही डोळे नाहीत.

“माझ्या मनातली भीती आहे ती, तात्या. शहरात लोक एकेका चित्रापुढे तासभर उभे राहतात.”

“असतील बाबा... तुला झोप लागते का?”

विश्राम हसला. “कलावंताला कुठली झोप.”

“मला लागते,” म्हातारा म्हणाला आणि शाडू मळू लागला.

तेव्हा कुठे विश्रामचं मूर्ती मांडायच्या फळ्यांकडे लक्ष गेलं. चतुर्थी तोंडावर आलेली, आणि फळ्या रिकाम्या.

“मूर्ती नाहीत यंदा?”

“माती मळून देतो. खालच्या वाडीतले नेतात. मला कोण मूर्ती सांगणार? माझा हात हलतो, गावाला माहीत आहे.”

विश्रामची मान खाली गेली.

नऊ वर्षांपूर्वीची चतुर्थीची सकाळ. विश्राम तेव्हा तात्यांच्या हाताखाली शिकत होता. मूर्तीचे डोळे रेखायचे, ती आखणी गुरूनेच करायची, ही तिथली रीत. तात्या आंघोळीला गेले, तेवढ्यात विश्रामने कुंचला उचलला. आपल्याला येतं, हे त्याला दाखवायचं होतं. काळा रंग डोळ्यातून गालावर ओघळला, आणि मूर्ती न्यायला आलेली माणसं दारात उभी राहिली.

“माझा हात हलला,” ओल्या पंच्यानिशी धावत आलेले तात्या म्हणाले होते.

विश्राम गप्प राहिला. त्याच महिन्यात त्याने गाव सोडलं.

तात्यांनी एक चित्र उचललं. “हा वाकलेला म्हातारा... ह्याला तर उजवा हातही नाही.”

विश्रामला वर बघवेना.

“तात्या, त्या दिवशी हात माझा हलला होता.”

“ते मला कशाला सांगतोस? मी तर आंघोळीला होतो.”

विश्रामच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही.

तात्यांनी मातीचे हात फडक्याला पुसले. कोनाड्यातला बारीक कुंचला काढला, काळ्या रंगात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. चित्रातल्या म्हाताऱ्याच्या कोऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

“आख.”

विश्रामने कुंचला घेतला. टोक कागदावर टेकेना.

“तात्या... हात हलतोय.”

“हलतोय ना? मग आता आख.”