पाठ असलेलं वाक्य

प्रभंजन केळुसकरांच्या पुस्तकाने आमच्या ग्रंथालयात दोन तट पाडले. दूध, तूप, अंडी, मटण सोडा आणि बारीक व्हा, एवढंच त्यात सांगितलं होतं. पण जाड माणसाला पानोपानी शिव्या होत्या. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायची आमच्याकडे पद्धत. तिथे एकाने लिहिलं, 'बरं झालं, कुणीतरी तोंडावर बोललं.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात होतं, 'हे वाचून माझी लेक दोन दिवस जेवली नाही.'

पुस्तक ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला सभा भरली. खुद्द केळुसकर आले. पुस्तकातलं पहिलं वाक्य त्यांनी नेहमीप्रमाणे पाठ म्हटलं, "बारीक माणूस दिसला की समजा, हा जिंकला!" मग गरजले, "लाज काढल्याशिवाय कुणी बारीक होत नाही. असा एक माणूस दाखवा, आत्ता पुस्तक फाडतो."

ग्रंथपाल नलिनी खातू उठल्या. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता.

"वर्षात बावीस किलो कमी झाले माझे," त्या म्हणाल्या. "मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट शेजारीण रोज वरणभात घेऊन समोर बसते. पण मुलगा गेला, तेव्हापासून घास गिळवत नाही."

केळुसकरांनी मुकाट्याने पुस्तक फाडायला घेतलं.

"फाडू नका, ग्रंथालयाचं आहे," नलिनीबाई म्हणाल्या. "फक्त ते पहिलं वाक्य एकदा माझ्याकडे बघून म्हणा."

गावोगावी पाठ म्हटलेलं ते वाक्य केळुसकरांच्या तोंडून निघेना.