काळ्या आरशाची शपथ

एका राज्यात आरसे घासणाऱ्यांची एक कर्मशाळा होती, आणि तिचा धनी होता धूम्राक्ष मांत्रिक. तिथल्या आरशात रोगी निरोगी दिसे आणि घरी पोचेपर्यंत तसाच होई. असले आरसे घडवणारे हात काय वाटेवर पडलेत? म्हणून काम सोडणाऱ्याला तो मेला मांत्रिक काळ्या आरशावर पंजा टेकवून वदायला लावी, की आरशामागच्या पाऱ्याचं गुपित मी फोडणार नाही, आणि मागे राहिलेल्या कुणालाही माझ्याकडे बोलावणार नाही. बोलावलं, तर येणारा वाटेतच दगड होवो.

तिथे आरसे घासणाऱ्या राहीनेही काम सोडताना ती शपथ घेतली आणि नदीपल्याड स्वतःची भट्टी पेटवली. पण आरसा एकट्याने होत नाही. एकाने घासायचं, दुसऱ्याने पाण्याची धार धरायची. शेवटी तिने मागे राहिलेल्या धाकट्या भावाला, सोनबाला, निरोप धाडला. शपथ म्हणजे तोंडची वाफ, असं समजली बिचारी. सोनबा निघाला आणि नदीच्या उतारावर, एक हात पुढे केलेला, तसाच दगड झाला. त्याच्या आधी बोलावलेले कितीतरी जण तिथेच दगड होऊन पडले होते.

राहीने ऊर बडवून घेतला. मग घासणाऱ्या माणसाला जे सुचेल तेच तिला सुचलं. चमक आत असते, घासली की वर येते. भाऊही तसाच वर येईल म्हणून तिने वाळू घेतली आणि त्याचा तळवा तीन दिवस घासला. तळवा गुळगुळीत झाला. भाऊ आला नाही.

ती राजाकडे गेली. राजा म्हणाला, "तीन गोष्टी आण. शपथेचा आरसा, शपथ ऐकणारा साक्षी, आणि न बोलावता आलेला एक कामकरी."

शपथ नसेल तेव्हा आरसा कर्मशाळेच्या विहिरीच्या तळाशी, नागाच्या विळख्यात असे. नागाला त्यातलं त्याचंच रूप दिसलं, तो त्याच्याशी झुंजत दमला, आणि राहीने आरसा उचलला. साक्षी होती कर्मशाळेच्या आढ्यावरची साळुंकी. तिने घरट्यासाठी राहीचे केस मागितले. राहीने मुळापासून कापून दिले. तिसरं काम जिवावरचं. हाक मारली तर आणखी एक दगड. राही दार उघडं टाकून, भट्टी पेटती ठेवून वर्षभर बसली. एके सकाळी कर्मशाळेतली म्हातारी भिवरा काठी टेकत दारात उभी राहिली. तिला फक्त धूर दिसला होता.

दरबारात धूम्राक्ष म्हणाला, की फूस लावल्याशिवाय माझं माणूस हलत नाही. राजाने भिवरेकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी माझ्या पायांनी आले."

मग राजाने साळुंकीला विचारलं, "जे दगड झाले, त्यांनी शपथ घेतली होती?"

"नाही महाराज. शपथ जाणाऱ्याची. दगड झाला तो मागे राहिलेला."

राजा म्हणाला, "पाऱ्याचं गुपित राखायचं वचन राहीवर राहील. पण एकाच्या शपथेने दुसऱ्याचे पाय बांधता येत नाहीत. ही शपथ माझ्या राज्यात चालणार नाही."

काळा आरसा तडकला. त्यात धूम्राक्षाचं रूप होतं; आरशासह धूम्राक्षही तडकला. उतारावरच्या दगडांनी श्वास घेतला. ज्यांचे धुणेकऱ्यांनी कपडे आपटायला फोडून तुकडे केले होते, ते तेवढे उठले नाहीत.

सोनबा भट्टीवर आला. आल्या आल्या त्याने पाण्याचा तांब्या उचलला, तो हातातून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. त्याने तळवा उजेडात धरला.

"आक्का, माझ्या रेषा कुठे गेल्या?"

राहीने त्याला सगळं सांगितलं. मग तिने तांब्या भरून घेतला, धार भिवरेने धरली, आणि त्या राज्यात पुन्हा आरसे होऊ लागले. सोनबा दारात बसून ते पाहत असे.