डोक्यात भरवलं कुणी?

डॉक्टर सरंजामे यांच्यापुढे पेशंटनं फक्त मान डोलवायची, अशी गावात त्यांची ख्याती. तरी एकट्या राहणाऱ्या यमूताई बेंद्रे बोलल्याच, "कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून मांड्या ठणकतात. जिना चढवत नाही."

"गोळीनं काही होत नाही, आजी. कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय."

यमूताईंनी पदर सारखा केला. "हे गेल्यापासून माझ्याशी बोलतं कोण, डॉक्टर? महिन्यातून एकदा तुम्ही तेवढे बोलता. आणि तुम्ही तर काही होत नाही असंच सांगता. मग भरवलं कुणी?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलवायच्या घंटीवरचा हात काढला. रक्ताची तपासणी लिहून दिली आणि विचारलं, "सांगा, कुठं कुठं दुखतं?"

मांड्यांचं पटकन सांगून झालं. यमूताई मात्र बोलतच राहिल्या.