पेवातली ओंजळ

एका राज्यात एकच धान्य पिकत असे. राजा सोमकेतूने ते मांत्रिकाकडून मागून आणले होते. सोन्याच्या रंगाचे दाणे, वर्षाला तीन पिके. अट एवढीच, की शेतात दुसरे काही जगता कामा नये. राजा म्हणाला, "तण, किडे, पाखरे हवीत कोणाला? घेऊन जा." मांत्रिकाने ते सारे एका झोळीत भरून नेले. हाव माणसाला आंधळे करते, राजाला तर जरा जास्तच.

कोठारे भरली. माणसे मात्र पोटभर जेवत आणि वाळत जात. मातीची राख झाली. राजकन्या नीलाक्षीला मान उचलवेना. वैद्यांनी हात टेकले.

राणी चारुमती शिवाराबाहेर गेली. तिथे झोळीतून निसटलेली एकच टिटवी बसली होती. राणीने पदर पसरला.

"टिटवीबाई, माझी लेक वाचेल का?"

"तीन कामे कर. उभे पीक जाळ. विहिरीतल्या नागाकडून जुन्या पेवाची वाट विचार. तिसरे नंतर सांगेन."

राणीने पीक जाळले. लोकांनी तिला शिव्याशाप दिले. मग ती विहिरीत उतरली. नागाने तिचे केस मागितले. तिने ते कापून दिले.

जमिनीखालचे पेव उघडले. तळाशी जेमतेम ओंजळभर बी होते. ज्वारी, तूर, मूग, तीळ, अंबाडी, सारे मिसळलेले. पूर्वी एकाच शेतात हे सगळे मिळून पेरत.

राजा धावत आला. "राणी, याची पेज करा. पोर उठून बसेल."

टिटवी म्हणाली, "उठेल, हे खरे. पण मग पेरायला काही उरणार नाही. हे बी पेरणे, हेच तिसरे काम."

"अर्धे पेरले तर?" राजाने विचारले.

"अर्ध्याने लेकही उठणार नाही आणि मातीही."

राणी लेकीच्या उशाशी जाऊन बसली. तिची ओंजळ मिटलेली होती.

"आईसाहेब, हातात काय आहे?"

"बी आहे, बाळ."

"खायचे?"

"नाही."

राणी उठली आणि राखेत बी पेरून आली. कोंब वर येण्याआधी नीलाक्षी गेली. काय बोलावे अशा वेळी? मलाही सुचत नाही.

कोंब आले तशी मांत्रिकाची झोळी फाटली. गांडुळे मातीत शिरली, मधमाश्या फुलांवर आल्या, पाखरे परतली. लोकांनी कोठारांतल्या जुन्या दाण्यांवर दिवस काढले आणि आलेले पहिले पीक न खाता पुन्हा पेरले. हळूहळू राख काळी, ओली झाली. पोरांच्या अंगावर मांस चढले. शाप सुटला, राज्य सुखी झाले, असे सांगायची रीत आहे, आणि ते खरेही आहे.

लोक नवे धान्य खाऊ लागले त्या पहिल्या दिवशी राजाराणीपुढे पेजेच्या वाट्या आल्या. इतके दिवस राजा राणीशी बोलला नव्हता.

"एवढ्याशा पेजेने ती खरेच वाचली असती?"

"हो," राणी म्हणाली. "जेवा, महाराज."