लेप दिलेला पिस्टन

गाड्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची नाहीत, त्या काळची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका शर्यतीच्या गाडीत एक पिस्टन होता आणि त्याला खांद्यावर वागवणारा रॉड होता. शेजारच्या टर्बोचं काम एकच, इंजिनात जोरानं हवा कोंबून आतला जाळ भडकवायचा. त्या धगीनं पिस्टनचं डोकं भाजायचं, म्हणून मिस्त्रींनी त्याला सिरॅमिकचा लेप दिला. रॉडलाही बरं वाटलं.

पण दोनच दिवसांत मालक म्हणाले, "लेप दिलाय ना? मग वाढवा हवा!" टर्बोला निमित्तच पाहिजे होतं.

आता जाळाच्या भडक्याचा प्रत्येक दणका रॉडच्या कण्यात उतरू लागला.

"अरे बाबा, ओरड की जरा!" तो वैतागून पिस्टनला म्हणाला. "पूर्वी चटका बसला की बोंब मारायचास. मालकांना नुसती खडखड ऐकू यायची, पण तेवढ्यानंही ते आवरतं घ्यायचे."

"पण मला गरमच लागत नाही, रॉडदादा."

"तेच तर सांगतोय! लेपानं धग अडते, दणका नाही अडत. चिलखत मिळालं म्हणून कुणी वार वाढवून मागतं का?"

"तुमची आपली सदा कटकट!"

चौथ्या शर्यतीत पिस्टन कडेनं फुटला. मिस्त्रींनी तो मालकांना कौतुकानं दाखवला. "बघा, लेप कसा शाबूत आहे!"

रॉडनं कपाळावर हात मारून घेतला असता, पण त्याला हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवा पिस्टन आला. रॉडच्या खांद्यावर बसता बसताच म्हणाला, "मला तर दोन थर दिलेत!"

तिकडे मालक टर्बोची हवा वाढवत होते.