चोचीतला किडा

त्या दिवशी वारा पडला होता आणि ऊन इतकं कडक होतं, की माळावरचा दगड पाय टेकू देईना. त्या माळावर झाड नव्हतं. टिटव्यांची अंडी उघड्या मातीतच असायची. म्हणून तिथली एक रीत होती. अंड्यांवर बसेल त्यानं चोच मिटून राहायचं, नाहीतर अंडी खाणाऱ्या मुंगसाला घरटं कळतं. ओरडायचं ते दगडावर उभ्या असलेल्या पोरानं. मुंगूस आवाजाकडे वळायचं, पोर उडून जायचं आणि अंडी वाचायची.

पोरांना ओरडायला शिकवायचा एक म्हातारा टिटवा. सगळी त्याला आबा म्हणत. पोरं कंटाळायची, तेव्हा आबानं एक युक्ती काढली. जो नीट ओरडेल, त्याच्या चोचीत एक किडा. मग काय, माळ दणाणून गेला. सगळ्यांत हुशार निघाला ठिपका. ओरडून झालं, की तो लगेच मान वळवून आबाकडे बघायचा.

शेजारची काजळी एकदा म्हणालीसुद्धा, "भाऊजी, मुंगूस तिकडं, अन् हा बघतोय तुमच्या चोचीकडं!"

"लहान आहे गं. लागेल सवय," आबा हसला.

सवय लागली.

पुढे माती वाळली, किडे खोल गेले. आबा उकरून उकरून दमायचा आणि "उद्या देतो" म्हणायचा.

त्या दुपारी आबा आपल्या अंड्यांवर बसला होता, पलीकडे काजळी तिच्या. ठिपका दगडावर होता. वाळलं गवत हललं आणि मुंगूस बाहेर आलं. ठिपक्यानं ते पाहिलं. मान ताठ केली, छाती फुगवली. मग दगडावरून उतरला, तुरुतुरु आबापुढे आला आणि चोच उघडून उभा राहिला.

"ओरड, बाळा," आबा कुजबुजला.

"आधी किडा."

"नाही रे आज. उद्या दोन देतो."

"काल पण उद्याच म्हणालात."

मुंगसानं नाक वर करून वास घेतला आणि ते काजळीच्या बाजूला सरकलं. आबा अंगाखालची माती चोचीनं टोकरू लागला. अंडी एकमेकांवर आपटली. खाली कोरडी मातीच होती. ठिपका उभाच होता. त्याला घाई नव्हती.

काजळीनं पंख आणखी पसरले, मान जमिनीला लावली आणि तिथूनच हलक्या आवाजात म्हणाली,

"भाऊजी, माझ्या पायाशी एक मुंगळा आहे. तेवढ्यावर ओरडेल का, विचारा ना त्याला."